दोन बोटं जाकीट

कराडहून निघालो त्या सकाळी विमानतळाची गाडी दारात हॉर्न वाजवत होती आणि अण्णा माझं माप घेत होते. अण्णा म्हणजे माझे वडील, पेठेतले शिंपी. "ताठ उभा राहा. तिकडच्या शिंप्यांचा काय भरवसा? काही समारंभ निघाला तर इथनं शिवून पाठवीन." आई डोळे पुसत होती, मी घड्याळ बघत होतो. मापं वहीत उतरली आणि मी सुटलो एकदाचा.

चार वर्षांनी डेल्फ्टमध्ये पीएचडी संपत आली. इथं प्रबंधाच्या समारंभाला पुरुषानं 'रोक' घालायचा असतो. म्हणजे पुढून कमरेपर्यंतच आणि मागं दोन लांब शेपटं असलेला काळा कोट, आत बिनबाह्यांचं पांढरं जाकीट, गळ्यात पांढरा बो. मी फोनवर सहज बोलून गेलो. अण्णा लगेच म्हणाले, "फोटो पाठव." आठवड्यानं पुन्हा फोन, "पँट कुठवर घालतोस?" मी लॅबमध्ये घाईत होतो. म्हटलं, नेहमीसारखी, आणि ठेवून दिला.

अण्णांनी शिवलेल्या रोकचं पार्सल आलं. ते घेऊन मी रोक भाड्यानं देणाऱ्या दुकानात गेलो, नुसतं बरोबर आहे का विचारायला. म्हाताऱ्या डच दुकानदारानं मला आरशासमोर उभं केलं. या पँटची कंबर बेंबीच्या वर हवी, म्हणाला, आणि जाकीट कोटाखालून दिसता कामा नये. अण्णांनी पँट 'नेहमीसारखी' शिवली होती आणि मधे शर्ट दिसू नये म्हणून जाकीट लांब घेतलं होतं. कोटाखालून दोन बोटं पांढरं डोकावत होतं. चूक माझ्या उत्तरातली, दिसत होती त्यांच्या कामात. "शिलाई सुरेख आहे," दुकानदार म्हणाला, "एवढं कुणी बघत नाही." पण प्रोफेसरांच्या रांगेसमोर मला गावंढळ दिसायचं नव्हतं. मी भाड्याचा रोक घेतला.

अण्णांना सांगितलं नाही. फोनवर दिसणार ते काय, काळा कोट तो काळा कोट. समारंभ संपल्यावर व्हिडिओ कॉल केला तर दुकानात अर्धी पेठ जमलेली. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खांदा छान बसलाय."

आई मागून म्हणाली, "बसणारच की. तुम्ही शिवलाय."

अण्णांनी स्क्रीनमधून माझ्याकडं पाहिलं आणि तिला म्हणाले, "हो."

माझं खोटं त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या अंगावर घेतलं. शिंप्याला स्वतः शिवलेला खांदा ओळखता येणार नाही असं मला वाटलं होतं. इतका शिकलो होतो मी. लाज वाटली, पण ती बोलून दाखवायची वेळ मी त्याच मिनिटात घालवली.

दोन वर्षांनी गावी गेलो तेव्हा तो कोट बरोबर नेला. म्हटलं, अण्णा, जाकीट जरा आखूड कराल का? ते काजं करत होते. मान वर न करता म्हणाले, "अंगावर न चढलेला कपडा मी दुरुस्त करत नाही. आधी घाल, मग कुठं खटकतं ते सांग." कोट तसाच घडी घालून परत आणला.

आता रॉटरडॅमला नोकरी आहे, घर आहे, मराठी ऐकून डचमध्ये उत्तर देणारी लेक आहे. नवी मराठी मुलं समारंभाआधी मलाच फोन करतात. मी सांगतो, मनगटावरचं घड्याळ काढ, कोटाची बटणं लावू नकोस, बो हातानं बांध, पँट बेंबीच्या वर. मोठा जाणकार झालोय. हेच शेवटचं वाक्य अण्णांना सांगायला मला वेळ नव्हता.

गेल्या महिन्यात त्यातल्याच एकानं मला त्याचा 'पॅरानिम्फ' व्हायला बोलावलं. म्हणजे समारंभात उमेदवाराच्या बाजूला उभा राहणारा सोबती. त्यालाही रोक लागतो. मी अण्णांचा घातला. खांदा असा बसला की आरशासमोरून हलवेना. खाली दोन बोटं पांढरं दिसत होतं. कुणीतरी बोलेल म्हणून तासभर धास्तावलेला होतो. कुणी बघितलंसुद्धा नाही.

बाहेर आल्या आल्या फोन केला. "अण्णा, घातला."

"कुणाच्या समारंभाला?"

"एका मित्राच्या. मी बाजूला उभा होतो."

ते म्हणाले, "मग झालं तर. बाजूला उभ्या असणाऱ्याकडं कोण बघतंय." कुठं खटकतं, ते त्यांनी विचारलं नाही.

तुम्ही मागं राहिलेले विचारता, घराची आठवण येते का? आणि माझ्यासारखे निघून आलेले ते विचारतच नाहीत. माझं घर म्हणजे नजर टाकली की माझं माप सांगणारा एक माणूस. दर सुट्टीत जातो मी. दारात ते माझ्या चेहऱ्याकडं बघतात, बरा आहेस ना विचारतात, बॅग हातातून घेतात. खांद्याकडं बघत नाहीत.