सारसाचा कच्चा आवाज

बोलायला लागण्याआधी काकाजी डावा तळहात डाव्या कानावर ठेवायचे, मान थोडी तिरपी करायचे आणि विचारायचे, “मांगच्याले ऐकू येऊन राह्यलं का?” समोर मी एकटाच असलो तरी विचारायचे. घरात जेवताना मीठ मागायचं असलं तरी आधी हेच. त्यांच्या घरच्या काकू चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायच्या, जामच्या चौकापर्यंत ऐकू गेलं, आता काय पाहिजे ते बोला.

तुमच्याही गावात असा एक माणूस असेलच. ऑटोवर भोंगा बांधून फिरणारा, कबड्डीचे सामने, लसीकरण, हरवलेली म्हैस आणि कुणाचं मरण, सगळं एकाच गळ्यातून सांगणारा. आमच्याकडे जामपासून समुद्रपूरपर्यंत हे काम काकाजींचं होतं. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, ते बोलायला उभे राहिले की लोक बैल सोडून त्यांच्याकडे बघायचे. पुढे सगळे पेनड्राइव्ह लावून फिरू लागले, तरी काकाजी तोंडानेच बोलायचे. म्हणायचे, मेलेल्या माणसाचं नाव मशीननं कसं घ्यावं?

माझा वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत छोटा स्टुडिओ आहे. छोटा म्हणजे घराची पुढची खोली, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. लग्नाची गाणी आणि निवडणुकीचा प्रचार एवढ्यावर चालतो. अशा माझ्याकडे मुंबईच्या एका कंपनीचं काम आलं, तेव्हा मी हवेत होतो. लहान मुलांचा, पण मोठ्यांनाही रडवेल असा कार्टूनचा सिनेमा होता. वऱ्हाडी बोलणारं सारस पक्ष्यांचं कुटुंब. बापाचा पंख मोडलेला, लेक रागावून थव्याबरोबर उडून गेलेली, आणि शेवटी धुक्यात वाट चुकलेल्या लेकीला बाप शेतातून हाका मारतो.

या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. कार्टूनमध्ये चित्र आधी नसतं, आधी आवाज असतो. कुणाचा तरी कच्चा आवाज घेतात, तो माणूस बोलताना त्याचं चित्रणही करतात, आणि ते बघून चित्रकार चोच, मान, पंख हलवतात. चित्र पुरं झालं की नावाजलेला नट येतो आणि त्याच ओठांवर आपला आवाज चढवतो. कच्चा आवाज मग पुसून टाकतात. मला फक्त कच्चा आवाज काढून द्यायचा होता. मी काकाजींना बोलावलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “माहाच आवाज राहीन ना, राजा?”

मी म्हणालो, “राहील ना काकाजी. तुमचाच राहील.”

हे मी का बोललो? कारण त्या प्रश्नाआधी ते कागद वाचून दाखवत होते आणि त्या उत्तरानंतर ते बाप झाले. मला चांगलं काम हवं होतं. खोटं बोलून ते मिळत होतं आणि मी ते घेतलं. आज कितीही घोळवून सांगितलं तरी गोष्ट एवढीच आहे.

त्यांना आवाज राहायला का हवा होता, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्यांच्या एकुलत्या एक मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केलं होतं. चार वर्षं झाली, ती पुण्यात होती, तिला एक मुलगाही झाला होता, आणि गावभर बोलणारा हा माणूस तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. काकू चोरून फोन करायच्या. मी म्हटलं, तुम्हीच एक फोन लावा ना.

“फोनवर माहा आवाज निंघत नाई, राजा,” ते म्हणाले. “पोराले घेऊन थे सिनेमे पाहते म्हणे. इथूनच बोलतो. ऐकीन थे.”

हाक मारायच्या प्रसंगात कागदावर ‘परत ये बाळा’ असं होतं. काकाजींनी कानावर हात ठेवला, सवयीने मागच्याला विचारलं, आणि कागद खाली ठेवून हाक मारली. स्वतःच्या मुलीच्या घरच्या नावाने मारली. काचेच्या अलीकडे मी डोळे पुसत होतो, आणि त्याच वेळी हा आवाज पुसला जाणार आहे हेही मला माहीत होतं. दोन्ही एकदम करता येतं माणसाला.

सांगायला पुढे वर्ष होतं माझ्याकडे. जामला जाऊन चहा पिऊन आलो, पण सांगितलं नाही. मुंबईच्या मोठ्या नटाने त्यांचं बोलणं ऐकून ऐकून वऱ्हाडी पाठ केल्याचं मला कळलं, तेव्हा मला अभिमानच वाटला. आज उद्या करत राहिलो आणि सिनेमा लागला.

वर्ध्याच्या टॉकीजमध्ये काकाजी अख्खी गल्ली घेऊन आले. आठवडी बाजारात त्यांनी स्वतःच भोंग्यावरून सांगितलं होतं. काकूंनी पुण्याला कळवलं होतं, म्हातारा सारस म्हणजे तुझे बाबा, नक्की जा. ते पुढच्या रांगेत बसले, मी सगळ्यात मागे.

पडद्यावर म्हातारा सारस आला. त्याने मोडका पंख उचलून कानावर ठेवला आणि मान तिरपी केली. हुबेहूब. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मग चोच उघडली आणि त्यातून परका आवाज आला, गोड, तयार, सगळ्या देशाच्या ओळखीचा.

काकाजींनी वळून मागे पाहिलं. ते मला शोधत होते. मी वाकून चपलेचा पट्टा लावत बसलो, जो सुटलेलाच नव्हता.

बाहेर लोकांनी विचारलं तर त्यांनीच सांगितलं की मशीनमधून आवाज असाच बदलतो, होय तो मीच. माझी लाज त्यांनी राखली. मला जवळ घेऊन एवढंच म्हणाले, “पंख चांगला उचलला रे त्यानं.” त्या दिवशी त्यांनी मागच्याला काही विचारलं नाही. पुण्याहून फोनही आला नाही.

आठ महिन्यांनी ते झोपेतच गेले. त्यांच्या मरणाची बातमी समुद्रपूरच्या एका ऑटोने पेनड्राइव्हवरून सांगितली.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी माझ्या दारात उभी होती. ती सिनेमाला गेली होती, मुलाला घेऊन. आवाज बाबांचा नव्हता. आईने समजूत काढायला थाप मारली असं तिला वाटलं, आणि राग आणखी घट्ट झाला. बाबांनी माझ्या खोलीत खरंच आवाज दिला होता, हे आता घरी आल्यावर तिला आईकडून कळलं. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि कच्चा आवाज लावला. कंपनीने पुसायला सांगितलेला, मी न पुसलेला.

“मांगच्याले ऐकू येऊन राह्यलं का?” गोधड्यांच्या भिंतीतून काकाजी म्हणाले. मग जरा थांबून, “चिमे, ये वं माय. मी काई रागावत नाई आता.”

तिचा डावा तळहात आपोआप कानावर गेला होता. तिने तीनदा ऐकलं. मग माझ्याकडे न बघता, पुण्याचं बोलणं विसरून विचारलं, “त्याईच्या जितेपणी हे मले काऊन नाई धाडलं, दादा?”

मी कराराचं काहीतरी बोललो. आवाज बाहेर द्यायचा नाही अशी सही होती, असं. ती ऐकत नव्हती. तिने फोन पुढे केला.

मी तो आवाज तिच्या फोनवर पाठवला. एक मिनिटही लागलं नाही.