पानाखालची बाळंतीण
कपाट आवरताना जुनं भिंग सापडलं आणि बोटांना ज्वारीच्या पानांवरचा चिकटा आठवला. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, पावसानं दगा दिलेला, आणि कृषी खात्यात मी अगदी नवी. जळकोटकडे एका म्हातारीचा विहिरीजवळचा तेवढाच तुकडा हिरवा उरला होता, त्यावरही मावा, ही रस शोषणारी बारीक कीड, पडला. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, असतो तो निळसर, पानाखालचा हा पिवळा, असं मी तिला ऐटीत समजावत होते. औषधाचा पंप माझ्या पाठीवर तयार होता. “मला बी दाव की,” म्हणत तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ हललीच नाही. “बाई, ही तर बाळंत व्हायलीय!” मावा जिवंत पिल्लं देतो हे मी फक्त वाचलं होतं. “मावशी, वर्षाची ज्वारी जाईल,” मी म्हटलं. तिनं पंपाच्या नळीवर हात ठेवला. “जाईना का. बाळंतिणीवर आज नगं, माय. उद्या मार.” दुसऱ्या दिवशी पंपासाठी पाणी तिनंच शेंदून दिलं, पण फवारणी संपेपर्यंत पाठ करून उभी राहिली. पुढे कितीतरी रानांत मी मावा ओळखला. ओळख पटली की भिंग लगेच पिशवीत टाकायचे, जास्त वेळ बघायची हिंमत कधी झाली नाही.