चाळीस सेकंदांचं नवं गाणं

दत्ता गेल्याची बातमी मला ग्रुपवर कळली. 'बिनतारी' या पुण्याच्या जुन्या रॉक बँडच्या चाहत्यांचा हा व्हॉट्सॲप ग्रुप, आणि मी त्याचा ॲडमिन. कॉलेजला शिकवायला निघताना मोबाइल पाहिला तर निरोप होता, "दत्ता साउंडवाले, तेलगाव, पहाटे हार्ट अटॅकने गेले." त्याखाली जोडलेले हात, आणि हातांच्या खाली लगेच कुणीतरी विचारलं होतं, "नवा अल्बम दिवाळीला पक्का ना?" दुसऱ्याने उत्तरही देऊन टाकलं होतं, "दिवाळी नाही, गुढीपाडवा. आतली बातमी आहे." ...माणसाला अजून घरातून उचललंही नव्हतं. मी स्कूटरवर बसल्या बसल्या मोठ्याने शिव्या घातल्या. समोरच्या बाई गॅलरीत येऊन बघायला लागल्या. दोन महिने झाले, तो राग उतरलेला नाही. तो नुसता त्यांच्यावरचा असता तर एव्हाना उतरला असता.

दत्ताचं तेलगावात साउंड सिस्टीमचं दुकान. लग्न असो, सप्ताह असो की सभा, आसपासच्या गावांत कर्णा त्याचाच. कान असा की रस्त्यावरून जाता जाता सांगायचा, डावीकडच्या स्पीकरची कॉइल आज जाणार, आणि ती जायची. एकदा एका पुढाऱ्याला त्याने भर भाषणात थांबवलं. म्हणाला, "सायेब, माइकपासून वीतभर लांब ऱ्हावा. थुका चाललाय आत." सभा हसली, पुढारी मात्र निमूट लांब सरकला. आमची ओळख अंबाजोगाईची. मी तिथल्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, गॅदरिंगचा सेक्रेटरी. 'बिनतारी'ला बोलवायचा हट्ट माझा आणि साउंड दत्ताचा. तिसऱ्या गाण्याला लाइट गेली, पाठोपाठ जनरेटरनेही मान टाकली. पोरांनी शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घेतला. तेव्हा बँडचा गायक मंचाच्या कडेला पाय सोडून बसला आणि म्हणाला, एक गाणं अजून अर्धंच जमलंय, ऐकता का? तो माइकशिवाय गायला. दत्ताने सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर नेऊन त्याच्या शेजारी ठेवला. ते गाणं बँडने पुढे कुठल्याच अल्बमात घेतलं नाही. ते होतं फक्त दत्ताच्या कॅसेटमध्ये, आणि ती कॅसेट तो कुणाच्या हाताला लागू देत नसे. मला दिली.

मोबाइलवर उतरवून घेतो म्हणून मी ती आणली होती. पुण्याच्या माझ्या भाच्याने उतरवून दिली, आणि त्यातले चाळीस सेकंद कापून 'बिनतारीच्या नव्या अल्बममधलं फुटलेलं गाणं' म्हणून नेटवर सोडून दिले. संध्याकाळी हसत हसत मला फोनवर सांगितलं, "मामा, बघा गंमत." मीही हसलो. बँडने पंधरा वर्षांत नवं काही काढलं नव्हतं, त्यामुळे ग्रुपवर नुसता कल्ला उठला. जुना ड्रमर परत आलाय, नाही आलेला. बारा गाणी आहेत, नऊच आहेत. कुणीतरी अल्बमचं मुखपृष्ठही आणून टाकलं, काळ्या रंगावर तुटलेली तार. टेपची घरघर ऐकू येत होती, तर एका शहाण्याने लिहिलं की घरघर मुद्दाम ठेवलीय, हल्ली हीच फॅशन आहे. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एका चॅनलवाल्याने ॲडमिन म्हणून मला फोन केला. 'जाणकार' म्हणाला. मी घसा साफ करून सांगितलं, "गाणं नवंच वाटतंय, आवाजाला वय आलंय." ...माझी जीभ झडली कशी नाही!

ग्रुपमध्ये त्या गॅदरिंगला हजर असलेले आम्ही दोघंच. दत्ताने आवाजातला निरोप टाकला, "आरं, हे नवं न्हाई बे. अंबाजोगाईच्या गॅदरिंगमधलं हाय. मी सोता टेप केलतं." त्यावर जे सुरू झालं ते आजही वाचवत नाही. काका, तुम्ही हळदीची गाणी वाजवा. काका, कानातला मळ काढा. ज्यांना टेपरेकॉर्डरचं बटण कुठून दाबतात ठाऊक नाही, ती पोरं दत्ताला कान कसा असावा हे शिकवत होती. आणि मी गप्प होतो. चॅनलवर बोलून बसलो होतो ना. मास्तरला चुकलो म्हणायला फार जड जातं.

मग एक दिवस दत्ता एसटीने माझ्या घरी आला. मला नोकरी लागल्यापासून तो मला 'सर' म्हणायचा, आधी चिडवायला, मग सवयीने. म्हणाला, "सर, ती कॅसेट द्या. पुरी वाजवून टाकतो ग्रुपवर, मंग बोला म्हणावं. मला काय बी म्हणा, पण माझा कान खोटा म्हणत्यात. कानावरच तर जगलो की मी." मी म्हणालो, "कुठं ठेवलीय कुणास ठाऊक रे, सापडत नाही." ज्या टेबलावर त्याचा चहा ठेवला होता, त्याच टेबलाच्या खणात ती होती. तो म्हणाला, "घावंल की. घरातच असंल." चहा पिऊन गेला. पुढच्याच आठवड्यात 'अफवा पसरवणाऱ्या काकांना काढा' म्हणून ग्रुपवर ओरड झाली, आणि मी त्याला काढलं. त्याचा फोन आला, "सर, चुकून दाबलं गेलं का?" मी हो म्हणालो. बघतो म्हणालो. ते बघायच्या आत तो गेला.

दहाव्याला तेलगावला गेलो, तर चौकात फ्लेक्स. दत्ताचा हसरा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि शेजारी तेच खोटं मुखपृष्ठ, तुटलेल्या तारेचं. खाली, 'नव्या अल्बमच्या प्रतीक्षेत निघून गेलेला सच्चा चाहता'. जी गोष्ट खोटी आहे असं सांगता सांगता माणूस हिणवला गेला, तीच मेल्यावर त्याच्या खांद्याला चिकटवली! लावणारे दोघं ग्रुपमधलेच, तिथेच उभे. म्हणाले, "कावून चिडता सर? चांगलंच केलंय की." मी पानटपरीवरून ब्लेड घेतलं, ते मुखपृष्ठ कापून काढलं आणि दोघांना मायबहिणीवरून बोललो. लोक बघत राहिले. पण ब्लेड चालवताना कळत होतं की खरं कापायला हवं ते माझं नाव आहे. घरी येऊन पूर्ण कॅसेट ग्रुपवर टाकली आणि जे केलं ते सगळं लिहिलं. पहिलं उत्तर आलं, "सर, हे एआयने बनवलेलं वाटतंय." दुसरं आलं, "मग अल्बम येणार का नाही ते सांगा." मी ग्रुप बंद केला.

गेल्या रविवारी कॅसेट घेऊन पुन्हा तेलगावला गेलो. दुकान बंदच असतं, दत्ताच्या बायकोने, सुमनवहिनींनी, कुलूप काढून दिलं. दत्ताच्या जुन्या डेकवर ती लावली. गाणं संपतं, टाळ्या होतात, आणि त्या टाळ्यांतून तरण्या दत्ताचा आवाज येतो, "डिझेल आणा बे, डिझेल!" भाच्याच्या चाळीस सेकंदांत हे आलंच नव्हतं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी सगळं सांगितलं, खणाचंसुद्धा. त्यांनी डेक बंद केला. मग म्हणाल्या, "तुमी टाळताय हे त्यांना कळलं नसंल व्हय, सर? इतका कान व्हता..."

कॅसेट ठेवायला मी कपाटाकडे वळलो. दत्ता कुणाला काही दिलं की त्या जागी चिठ्ठी ठेवायचा, वस्तू परत आली की फाडून टाकायचा. कॅसेटींच्या रांगेत एक फट होती, तिच्यात त्याच्या अक्षरातली चिठ्ठी, 'सरांकडे आहे'. खालची ओळ वेगळ्या पेनाने, नंतर लिहिलेली, 'मागू नये'. मी कॅसेट आत सरकवली आणि चिठ्ठी काढायला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या ती," वहिनी म्हणाल्या. "तिला हात लावू नका."