सात नंबरचा वास

बस स्टँडच्या मागच्या त्या लॉजमध्ये बारा खोल्या होत्या आणि त्या बाराही एकट्या फिनेलमामाच्या हाताखालून जात. त्याला फिनेलमामा हे नाव कोणी पहिल्यांदा ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण तो जिना चढायच्या आधी त्याचा वास चढतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकतीस वर्षं त्याची एकच रीत. आधी खिडकी, मग चादरी, मग मोरीची जाळी उचलून आतले केस, आणि सगळ्यात शेवटी फरशी. फरशी वाळली की अनवाणी खोलीभर फिरायचं आणि तळवे बघायचे. तळवा काळा झाला तर पुन्हा बादली.

एका दुपारी लॉजच्या दारात एक माणूस पांढरा बाथटब ढकलत आला. टबाला चार चाकं लावलेली होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा देश आपण टब ढकलत पार करणार, असं तो हसत हसत म्हणाला. कशासाठी, हे विचारल्यावर आणखी हसला. मामाला वाटलं, असेल बुवा, हौसेला मोल नाही. पण टबातून जी दुर्गंधी येत होती ती हौसेची नव्हती. दुधाचा कॅन फुटून तीन दिवस झाले होते आणि ते दूध टबातल्या घोंगडीत मुरलं होतं. मामाने ती घोंगडी तीनदा धुतली, तारेच्या घासणीने टब घासला आणि अंगणात उपडा घातला. टबवाला सात नंबरमध्ये तोवर दोन तास झोपून उठला होता. सकाळी जाताना त्याने मामाचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "तुमचे उपकार विसरणार नाही."

विसरला नाही. दोन वर्षांनी त्याचं पुस्तक आलं आणि त्यात मामावर साडेचार पानं होती.

मालकांनी पुस्तक त्याच्या हातात ठेवलं, तेव्हा त्यांचा चेहरा मुलगा पास झाल्यासारखा फुलला होता. "मामा, आपलं लॉज छापून आलंय. वाचा घरी नेऊन."

मामाला चष्मा लावूनही बारीक अक्षर लागत नसे. संध्याकाळी सुनेने भाजी निवडता निवडता वाचून दाखवलं. पुस्तक मजेचं होतं, नाकारून उपयोग नाही. तिसऱ्या प्रकरणात एक नावाडी टब होडीत घ्यायला तयार होत नाही, भांडताना त्याला उचकी लागते, आणि प्रत्येक उचकीला होडी काठापासून थोडी थोडी सरकत जाते. सुनेची हसून मुरकुंडी वळली. मामाही हसला, इतका की त्याला ठसका लागला.

पुढच्या प्रकरणाशी सून थबकली. डोळे भराभर खाली गेले.

"बाबा, पुढचं काही खास नाही."

"वाच."

"राहू द्या ना."

"माझंच आहे ना? वाच."

तिने वाचलं. सात नंबरच्या खोलीत शिरताच जो वास लेखकाला भेटला, तो म्हणे इतका जुना आणि घरंदाज होता, की त्याला नमस्कार करावासा वाटला. तो वास राखायला एक म्हातारा नेमलेला होता. त्याच्या खांद्यावरचा टॉवेल इतका मळलेला, की काढून ठेवला असता तर टॉवेलच स्वतःच्या पायांवर उभा राहिला असता. म्हातारा दिवसभर पुटपुटत असे, बहुधा वासाशीच. दुधाचा, घोंगडीचा, टब घासण्याचा कुठे शब्दही नव्हता.

सुनेचे ओठ दाबूनही हलत होते.

"हसू येत असेल तर हस," मामा म्हणाला.

"खोटारडा मेला," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "पण लिहितो मात्र छान हो."

मामाला टॉवेलाचं काही वाटलं नाही. त्याला तो नावाडी आठवला. त्यानेही कदाचित टबवाल्याला फुकट पार नेलं असेल, घरातलं पांघरूण दिलं असेल. त्याला उचकी लागलीच नसेल. आणि आपण ठसका लागेपर्यंत हसलो होतो. त्याला स्वतःच्याच तोंडाची शिसारी आली. तो उठला आणि चूळ भरून आला.

लोक यायला लागले. पुस्तक काखेत मारून यायचे, सात नंबर मागायचे, आणि दार उघडलं की त्यांचे चेहरे पडायचे. एक बाई तर मालकांना म्हणाली, "ही ती खोली नाही. तुम्ही बदलून दाखवताय."

मालकांनी मामाला बोलावलं. "मामा, सात नंबर आठवडाभर धुवू नका."

"का?"

"लोक इतक्या लांबून येतात. त्यांची निराशा होते."

"घाण नाही म्हणून?"

"तुम्ही शब्द धरू नका. नुसतं धुवायचं नाही, एवढंच सांगतोय."

"मी धुवायलाच आहे इथे. दुसरं मला येत नाही. घाण तुम्ही करा."

मालकांनी खरंच केली. खाटेखाली दुधाचं पातेलं ठेवलं, खिडकी लावली, आणि खोलीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. चौथ्या दिवशी जिन्यात वास यायला लागला. मामा आठ नंबर धुवायचा, पण तिथेही सातचाच वास यायचा. घरी जेवताना घास तोंडाशी नेला की तोच वास. एकतीस वर्षांत लोकांच्या मोऱ्या उपसताना त्याला कधी मळमळलं नव्हतं, ते आता ताटावर बसल्यावर मळमळायला लागलं.

सहाव्या दिवशी दुपारी पुस्तक घेऊन दोन मित्र आले. मालकांनी सातचं दार उघडताच दोघांनी नाकं धरली आणि आनंदाने एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. खूप फोटो काढले.

"आणि तो म्हातारा?"

मालकांनी बोट दाखवलं. मामा जिन्याशी बादली घेऊन उभा होता.

"काका, टॉवेल खांद्यावर टाका ना. आणि जरा पुटपुटा."

दुसरा मित्र मालकांकडे वळून हळूच म्हणाला, "झोपायला मात्र आम्हाला स्वच्छ खोली द्या हां."

मामाने बादली उचलली आणि तो सरळ सातमध्ये शिरला. खिडकी उघडली. खाटेखाली हात घालून पातेलं ओढलं. वर हिरवी साय धरली होती. त्याला उमासा आला, तो त्याने भिंतीला हात टेकून गिळला.

"अगदी पुस्तकातलाच म्हातारा," बाहेर कुणीतरी खुशीत म्हणालं.

"मामा, अहो, निदान आजचा दिवस," मालक दारातून म्हणाले.

"ह्यांना नऊ नंबर द्या. सकाळीच धुतली आहे." मग तो त्या मित्रांना म्हणाला, "त्या वेळचं दूध टबवाल्याचं होतं. त्याच्या टबात नासलं होतं. मी धुतलं ते."

दोघं हसले. मग एकाचं हसणं जरा लवकर थांबलं. "मग त्यांनी तसं का नाही लिहिलं?"

"तसं लिहिलं असतं तर तुम्ही आला असता?"

 त्या मित्राने हातातला फोन खिशात टाकला. दुसऱ्याने मात्र पातेल्याचा फोटो घेतलाच.

मामाने पातेलं मोरीत उपडं केलं आणि खसाखसा घासलं. फरशीवर पहिली बादली ओतली. मालक चपला हातात घेऊन दाराबाहेर सरकले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती.

"उद्या लोक येतील. त्यांना काय दाखवू?"

"धुतलेली खोली."

"ती बघायला कोण येतं, मामा?"

 मामाने नळाखाली दुसरी बादली लावली आणि ती भरेपर्यंत तिथेच उभा राहिला.