भावोजी आणि बोर्लीचा वहाळ

देवाने तहान सगळ्या माणसांना वाटून दिली, पण पाण्याबद्दलचा संशय मात्र सगळाच्या सगळा आमच्या भावोजींच्या पदरात टाकला. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत असा ओढा नसेल, ज्याच्याकडे त्यांनी चोराकडे बघावं तसं बघितलं नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान लोकल बोर्डाच्या आरोग्यखात्यात इन्स्पेक्टर होते. विहिरी, ओढे आणि त्यांत कोण काय सोडतं ते बघत हिंडायचं, ही नोकरी. इतर माणसं घरी आली की नोकरी टोपीबरोबर खुंटीला लावतात. भावोजींना ती खुंटी कधी सापडलीच नाही. ताईच्या लोणच्याच्या बरण्या एकेक करून नमुन्याच्या पाण्याने भरल्या, आणि शेवटी तिने लोणचं घालायचंच सोडून दिलं.

जेवणावळीला गेले तर पानं वाढून होईपर्यंत हे पाटावर नसत; घरामागे मोरीचं पाणी कुठे जातं ते वाकून बघत असत. एका मुंजीत यजमानांना वाटलं, पाहुण्यांना पित्त झालंय. बिचाऱ्यांनी धावत आल्याचा रस आणला. भावोजींनी तो मुकाट्याने घेतला आणि वाटी परत देत म्हणाले, "तुमची मोरी विहिरीच्या फार जवळ राहते. शेजार बरा नव्हे." नमुन्याच्या बाटल्या ते रेवसला लाँचवर चढवून मुंबईला तपासायला धाडत. एकदा धक्क्यावरच्या अबकारी शिपायाला वाटलं, हा माणूस हातभट्टीची नेतोय. त्याने बूच काढलं, वास घेतला, आणि बाटली तोंडाला लावणार एवढ्यात भावोजी कळवळून ओरडले, "अहो, नका! सुकट धुतात त्या ओढ्याचं आहे ते!" त्यांना शिपायाच्या जिवाची काळजी नव्हती असं नाही, पण नमुना कमी भरेल याची जास्त होती, असं माझं मत आहे.

आम्ही त्यांची टिंगल पुष्कळ केली, पण पटकीच्या साथीत त्यांना पाहिल्यावर माझी तरी जीभ जरा आवरली. विहिरीत औषध टाकलं की पाणी गुलाबी होई आणि बायका घागरी रिकाम्याच घेऊन माघारी वळत. "असलं रंगाचं पानी आमी न्हाय पिनार, सायेब!" भावोजी वाद घालत नसत. पोहरा ओढून सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी पीत आणि काठावर बसून राहत. माणूस मरत नाही हे पुरतं बघून झालं की बायका पाणी भरत. गावोगाव हेच. त्यांचे दात तपकिरी झाले होते ते त्यामुळे, आणि मी बरीच वर्षं त्याचं खापर तंबाखूवर फोडत होतो.

त्यांची एकुलती मुलगी कुसुम विशीची झाली तरी घरीच होती, आणि त्या काळी एवढ्यावर आईची झोप उडे. शेवटी बोर्ली पंचतनच्या एका सुपारीच्या व्यापाऱ्याकडून मुलगी पसंत असल्याचा निरोप आला. मुलगा शिकलेला, शांत. कुसुमलाही मनापासून आवडला होता. बोलणी पक्की करायला भावोजी, आणि मामा म्हणून मी, असे दोघे निघालो. ताईने मला बाजूला घेऊन बजावलं, "काहीही कर, पण ह्यांना घरामागे जाऊ देऊ नकोस."

गूळपाणी झालं, पोहे झाले, मांडव कुठे घालायचा इथवर गोष्टी आल्या. भावोजी हात धुवायला म्हणून उठले आणि मी गाफील राहिलो. परसात मोठमोठ्या हंड्यांत चिकणी सुपारी शिजत होती आणि तिचं लालभडक पाणी चरातून थेट वहाळात, म्हणजे गावच्या ओढ्यात, उतरत होतं. वहाळाच्या खालच्या अंगाला एक कोळीण हंडा भरत होती. भावोजींनी तिला विचारलं, हे पाणी प्यायला नेता का? "पितांव तर! भात लाल व्हतो, पोरांची पोटं दुखतात. पन शेठला सांगनार कोन?"

ओसरीवर येऊन भावोजी म्हणाले, "शेठ, सोयरिकीचं मागाहून बघू. ते सुपारीचं पाणी वहाळात सोडणं बंद करावं लागेल. नोटीस येईल."

शेठ ताडकन उठले. "तुम्ही मुलीचे बाप म्हणून आलात की बोर्डाचे साहेब म्हणून?"

"आलो बाप म्हणूनच. पण आता बघितलं ते न बघितल्यासारखं कसं करू?"

सुपारीच्या व्यापाऱ्याच्या घरून आम्ही सुपारीचं खांडही तोंडात न टाकता परतलो.

ताईने बोलणं टाकलं. कुसुम मात्र "अण्णा, चहा" म्हणत रोजच्यासारखा कप पुढे ठेवी, आणि भावोजींना तेच जास्त लागलं. त्या दिवसांत ते समोर येईल ते पाणी न बघता पिऊन टाकत. त्यावरून मला त्यांच्या मनाची अवस्था कळली. नोटीस मात्र त्यांनी धाडलीच.

पावसाळ्याआधी शेठचा निरोप आला, खड्डा खणलाय, बघून जा. आम्ही गेलो. वहाळापासून चांगला लांब, दगडांनी बांधलेला खड्डा होता. भावोजी वहाळात उतरून फिरले, त्या कोळणीला विचारून आले, "उत्तम" म्हणाले आणि चपला घालून सरळ वाटेला लागले. शेठच मागून धावले. "अहो, आणि मुलीचं?"

"आज बोर्डाच्या कामाला आलोय, शेठ. मुलीचं बोलायला रविवारी येतो."

शेठ पोट धरून हसले. मला म्हणाले, "असला माणूस व्याही केलेलाच बरा. वैरी म्हणून परवडायचा नाही."

लग्न थाटात झालं. पाठवणीला ताई रडली, मी रडलो. भावोजी बैलगाडीच्या चाकाशी नुसते उभे होते. गाडी हलली तेव्हा कसंबसं म्हणाले, "पाणी उकळून पीत जा." आणि वळून घरात गेले.

भावोजी जाऊन आता वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. बोर्लीचा वहाळ निवळशंख वाहतो, आणि कुसुमच्या घरची विहीर तर खुद्द त्यांनी नावाजलेली. तरी तिच्या चुलीवर रोज पाण्याचं पातेलं चढतं. मागे गेलो होतो तेव्हा मी चेष्टेने म्हटलं, "अगं, एवढ्या चांगल्या पाण्यापायी लाकडं कशाला जाळतेस?"

पातेल्यावर झाकण ठेवत ती म्हणाली, "मामा, मी सासरी निघताना अण्णांनी मला दुसरं काही सांगितलंच नाही हो."