चाचांच्या मुलाकडे उतरायचं ठरलं होतं

आमच्यात शिकायला जायचं म्हणजे आधी कुणाकडे तरी उतरायचं. अकरावीला लातूरला गेलो तेव्हा आईच्या मावसबहिणीकडे उतरलो. दार वाजवलं, मावशी म्हणाली, "आलास व्हय? हातपाय धू," आणि खोली मिळेपर्यंत तिथंच राहिलो. इंजिनिअरिंगला नांदेडला आत्याकडे उतरलो, तिथं तर खोली शोधायचा विषयच कधी निघाला नाही. त्यामुळे पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीतल्या माग्डेबुर्गला जायचं नक्की झालं, तेव्हा पोरगं राहणार कुठं असं घरात कुणी विचारलंच नाही. चाचांचा मुलगा तिथं होता की.

चाचा म्हणजे वडिलांचे मित्र. देगलूरला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की वडील ती देगलूरला न्यायचे आणि दुरुस्त होईपर्यंत दुकानातच बसायचे. बसून बसून दोस्ती झाली, तीही माझ्या जन्माआधी. पुढं मोटार जळो न जळो, बाजाराच्या दिवशी वडिलांचा चहा तिथंच. गावात काही जणांना हे खपत नाही. "त्यायच्यात एवढं काय बसून राहतो?" असं वडिलांच्या तोंडावर बोललेलं मी ऐकलंय. वडील ऐकून घेतात आणि पुढच्या बाजाराला पुन्हा तिथंच जाऊन बसतात.

चाचांचा मुलगा माझ्याहून मोठा, माझ्या आधीच माग्डेबुर्गला गेलेला. वडिलांनी चाचांना सांगितलं, चाचांनी त्याला फोनवर सांगितलं, तो "हां हां, येऊ द्या" म्हणाला. झालं. याच्यापुढं काही विचारायची आमच्यात रीत नाही. किती दिवस ठेवणार, कुठं झोपवणार असं विचारलं तर समोरच्याचा अपमान होतो. मी बॅगेत शेंगदाण्याची चटणी, लोणचं, ज्वारीचं पीठ आणि चाचीनं मुलासाठी दिलेला डबा भरला आणि निघालो.

तो स्टेशनवर घ्यायला आला होता. वसतिगृहातली त्याची खोली एवढीशी. एक पलंग, एक टेबल, कोपऱ्यात शेगडी. मी पलंगाशेजारी खाली अंथरलं आणि मला ते ऐसपैस वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा करता करता, माझ्याकडे पाठ करून तो म्हणाला, "भाई, तुला दुसरीकडं बघावं लागंल. इथं पाहुण्याला जास्त दिवस ठेवता येत न्हाई."

मला आधी चेष्टाच वाटली. "मग मी जाऊ कुठं?"

"विद्यापीठात बोर्डावर खोल्यांच्या चिठ्ठ्या लागतेत. बघ तिथं."

माझं डोकं फिरलं. मी बॅग भरली आणि चहा न घेता बाहेर पडलो. आमच्याकडे उकळलेला चहा सोडून उंबरा ओलांडणं ही शिवीच असते. त्याला ती नेमकी लागली, कारण तो मान वर करून बघेना. याचं पुन्हा तोंड बघायचं नाही, असं जिन्यातच ठरवलं.

नशीब बलवत्तर. बोर्डावर एका नेपाळी विद्यार्थ्याची चिठ्ठी मिळाली, त्याला खोलीत जोडीदार हवा होता. ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळची खोली, मागं झाडी आणि पुढं बंद पडलेला कारखाना. नेपाळी भला होता, पण त्याला बोलायची आवड नव्हती आणि मला तर दिवसभर बोलल्याशिवाय अन्न पचत नाही.

विद्यापीठात वेगळीच तऱ्हा. पहिला तास संपला तसे सगळे जण बाकांवर बोटांनी टकटक करायला लागले. मला वाटलं, सरांची खिल्ली उडवतायत. लातूरला असं कुणी केलं असतं तर सरांनी पट्टीनं बोटं सोलली असती. पण सर हसत हसत मान डोलवत होते. टाळ्यांच्या जागी तिथं बाक वाजवतात म्हणे. पुढच्या तासाला मी सगळ्यांत जोरात वाजवला आणि तोही चुकीच्या वेळी, तास अर्धाच झाला असताना. रविवारी सगळी दुकानं बंद असतात हेही कुणी सांगितलं नव्हतं, तेव्हा पहिला रविवार ज्वारीच्या पिठाच्या आंबिलीवर काढला.

घरून रोज फोन यायचा. "पोरगं नीट बघून राहिलं ना रे तुला?" वडील विचारायचे. मी म्हणायचो, "लई नीट." खरं सांगायला जीभ शिवशिवायची, पण सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला दिसत होतं. वडील गप्प बसले असते. पण आईकडून मामाला, मामाकडून पारावर, असं ते गावभर झालं असतं. "बघा, आम्ही म्हणत नव्हतो? शेवटी परक्याचं परकंच," असं म्हणायला माणसं टपूनच बसली होती. वडिलांनी इतकी वर्षं ज्या खुर्चीवर बसून चहा प्यायला, त्या खुर्चीवर त्यांना अवघडून बसावं लागलं असतं. ते माझ्यामुळे व्हायला नको होतं. म्हणून मी खोटं बोलत राहिलो, आणि त्या खोट्यानं ज्याचं झाकलं जात होतं त्या चाचांच्या मुलावर मनातल्या मनात दात खात राहिलो.

एक दिवस थेट चाचांचाच फोन आला. "बेटा, तुझं लई कौतुक ऐकून राहिलो. रोज भाकऱ्या थापतो म्हणं तू, आमच्या सायबाला खाऊ घालतो म्हणं."

मी चाटच पडलो. म्हणजे तोही तिकडं खोटं बोलत होता, आणि वर मीठमसाला लावून. माझी भाकरी तव्यावर टाकायच्या आतच तुटते.

दिवाळीला चाचा-चाची आमच्याकडे फराळाला येतात. यंदा चाचांनी फर्मान काढलं, "पाडव्याला आम्ही सगळे एका जागी बसतो. तुम्ही दोघं पण एका जागी बसा. व्हिडिओवर बघायचंय." आता काय करता? विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये एकमेकांना बघून ताट घेऊन दुसरीकडं वळणारे आम्ही. मी मेसेज टाकला, "पाडव्याला तुझ्याकडे यावं लागेल." त्याचं उत्तर आलं, "ये."

दार उघडलं तर खोलीचा थाटच बदललेला. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून घर आवरावं, तसं त्यानं आवरलं होतं. शेजाऱ्याकडून आणलेली गादी खिडकीखाली घातली होती, टेबलावर दोन कप ठेवले होते, खुंटीला दुसरा टॉवेल लावला होता.

"मी आतापर्यंत तुला काय काय खाऊ घातलं?" त्यानं विचारलं.

"परवा बिर्याणी. आणि तू रोज भांडी घासतोस."

"भांडी तू घासतो म्हणून सांगितलंय मी."

"मग वाटून घेऊ," मी म्हणालो. हसू दोघांनाही आलं होतं, दोघांनीही दाबलं.

फोन लागला. तिकडं दिवे लागलेले, आमच्याकडे अजून दुपार. आईनं गादी दाखवायला लावली, चाचीनं कप मोजले. मी बिर्याणीची तारीफ केली, त्यानं भाकरीची केली. वडील शेवटी समोर आले, थोडा वेळ बघत राहिले, "बरं हाय, खावा-प्या," म्हणाले आणि सरकले. मग चाचांनी फोन हातात घेतला. त्यांचा आवाज भरून आला होता. "माणसं म्हणतेत, तिकडं गेलेली पोरं कुणाची राहत न्हाईत. हे बघा म्हणावं. बघा माझ्या पोराला."

फोन बंद झाल्यावर त्यानं खुंटीचा दुसरा टॉवेल काढून घडी केली. मग म्हणाला, "तुझ्या आधी निजामाबादच्या एका पोराला ठेवलं होतं. शेजाऱ्यानं तक्रार केली. पुन्हा कुणाला ठेवलं तर मलाच काढणार होते."

"हे तेव्हाच का नाही बोललास?"

"आपल्याकडच्या पाहुण्याला नियम सांगायची लाज वाटली यार. तुला घराबाहेर काढायचं, आणि वरून कारण देत बसायचं?"

मला त्याची कीव आली आणि रागही आला. राग सगळा गेला असं नाही, आजही थोडा आहे. पण त्यानं खिचडी टाकली आणि मी जेवूनच निघालो.

दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला. शेतातून एकटेच बोलत होते.

"त्यानं किती दिवस ठेवलं व्हतं तुला?"

"म्हणजे? तिथंच तर आहे मी."

"काल तुझ्या अंगात कोट, पायात बूट, अन् पलंगाच्या कडेला टेकलेला. सोताच्या खोलीत माणूस आसं बसत न्हाई. पाहुणा बसतो."

मी भीत भीत विचारलं, "चाचांना बोललात का काही?"

"येडा हायस का? त्यो खुशीनं रडून राहिला व्हता. मी म्हणलं, पोरानं नाव काढलं तुझं." मग विचारलं, "तुला पाठ टेकायला जागा हाय का न्हाई? तेवढं खरं सांग."

मला रडू आलं. मी व्हिडिओ लावून फोन सगळीकडं फिरवला आणि त्यांना माझी खोली दाखवली: माझा पलंग, नेपाळ्याचा पलंग, शेगडी, खिडकीबाहेरचा बंद कारखाना. वडिलांनी सगळं बघून घेतलं. मग म्हणाले, "त्या दुसऱ्या पलंगावरच्या पोराला आपली चटणी दिलीस का?"