नणंदेचे लाल ठिपके

मी आणि माझी नणंद एकाच ठिकाणी नोकरी करतो हे कळलं, की लोक म्हणतात, किती छान! छान काय डोंबल. आमच्यातून विस्तव जात नाही. तोंडावर मी तिला वन्सं म्हणते, अहो-जाहो करते. मनात मात्र ती 'ती'च आहे, आणि इथेही तीच राहील.

ती इलेक्ट्रिशियन आहे. संशोधनासाठी चालणाऱ्या आमच्या छोट्या अणुभट्टीची झाडून सगळी कंट्रोल वायरिंग तिच्या ताब्यात. वय चौपन्न, चष्मा दोरीला, स्क्रूड्रायव्हर कमरेला, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. मी ऑपरेटर, म्हणजे कंट्रोल रूममध्ये पॅनेलसमोर बसून भट्टी चालवणारी. तिच्या भावाने मला पसंत केलं तेव्हा तिचं एकच वाक्य होतं, "उंचीला जरा कमीच आहे." ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

त्या महिन्यात भट्टी तीनदा आपोआप बंद पडली. भट्टीच्या नियंत्रण दांड्या वरच्या वर चुंबकांनी धरलेल्या असतात. या चुंबकांची वीज एकापुढे एक जोडलेल्या तेवीस जोडांमधून येते. त्यातला एक जरी सुटला तरी चुंबक दांड्या सोडून देतात, दांड्या खाली पडतात आणि भट्टी थांबते. ती सोय सुरक्षेसाठीच आहे. पण तिन्ही वेळा धोक्याचा एकही दिवा लागला नव्हता, कारण काही सापडत नव्हतं, आणि तिन्ही वेळा ड्युटीवर मी होते.

आमच्या साहेबांनी दहा वर्षांत पॅनेलला हात लावलेला नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना फार आवडतं. त्यांनी निकाल दिला, की माझाच हात धांदरटपणाने इमर्जन्सी बटणाला लागतो. आणखी एकदा असं झालं की माझं लायसन्स रद्द, आणि मी स्टोअरमध्ये. ते लायसन्स मिळवायला मी चार वर्षं रक्त आटवलं होतं. कँटीनमध्ये माझी नणंद सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." घरचीच माणसं अशी असल्यावर बाहेरच्यांना काय बोल लावायचा?

सोमवारी सकाळी साहेबांनी तपासणीला तिलाच पाठवलं. दांड्या तळाशीच ठेवून आम्ही फक्त चुंबकांना वीज दिली. दोन तास ती मीटर घेऊन जोड तपासत होती. काही सापडलं नाही तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, की रोज इथे बसून मी जे जे करते ते सगळं तिला करून दाखवायचं.

परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं मला. खुर्ची ओढली, रजिस्टर उघडलं, पेन उजवीकडे ठेवलं. ती डोळे बारीक करून बघत होती. माझे पाय जमिनीला पुरत नाहीत, म्हणून मी ते टेबलाखालच्या, वायरिंग झाकणाऱ्या पत्र्यावर टेकवते. तसे टेकवले, आणि चुंबकांना वीज मिळते आहे हे दाखवणारा पॅनेलवरचा दिवा क्षणभर विझला.

"पाय काढ," ती म्हणाली. "परत ठेव. जोरात."

दिवा परत विझला. बाकीचे सगळे ऑपरेटर उंच आहेत, त्यांचे पाय त्या पत्र्यापर्यंत जातच नाहीत.

तिने पत्रा खोलला आणि पाठीवर झोपून आत शिरली. वर बसून मला तिचे फक्त बूट दिसत होते. आमच्याकडे एक रीत आहे, तिनेच पाडलेली. स्वतः आवळलेल्या प्रत्येक स्क्रूवर ती लाल नेलपेंटचा ठिपका देते. लाल ठिपका म्हणजे काम पक्कं, त्याला कुणी हात लावायचा नाही. पंधरा वर्षांत कुणी लावलेलाही नाही. त्या दोन तासांत तिनेसुद्धा लाल ठिपक्यांचे जोड सोडून बाकीचेच तपासले होते.

बाहेर आल्यावर तिने मला सांगितलं. ठिपका असलेल्या एका स्क्रूखाली तांब्याऐवजी वायरचं प्लास्टिकच आवळलं गेलं होतं. तांब्याची एखादी तार इतकी वर्षं कशीबशी टेकलेली होती, ती आता सैल पडली होती. माझ्या पायाने पत्रा जोरात दबला की वायर हलायची आणि तेवढंही सुटायचं.

तिने वायरचं टोक कापलं, नवीन तांबं सोललं, आवळलं, ओढून पाहिलं. मग म्हणाली, आता मार लाथा. मी चाळीस मारल्या. इतक्या जोराची गरज नव्हती, पण मारल्या. दिवा हलला नाही.

मग तिने रजिस्टर ओढलं. 'ऑपरेटरच्या पायामुळे वायर सैल झाली' असं तिने लिहिलं असतं, तर साहेबांनी डोळे मिटून सही केली असती आणि मी स्टोअरमध्ये गेले असते. तिने लिहिलं, 'स्क्रूखाली प्लास्टिक आवळले गेले. जोडणी माझी, चूक माझी. ऑपरेटरचा दोष नाही. माझे सर्व लाल ठिपके दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावेत.' खाली सही.

मी ते तीनदा वाचलं. खोटं कशाला सांगू, मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. माझं लायसन्स राहिलं. साहेबांनी तिला कंट्रोल वायरिंगवरून काढून गेस्ट हाउसच्या पंख्यांवर टाकलं.

ती हत्यारांची पेटी न्यायला आली तेव्हा मी नाक मुठीत धरून आभार मानायला गेले. तिने ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"तुझ्यासाठी नाही लिहिलं," ती म्हणाली. "माझ्या जागी तू असतीस, तर लिहिलं असतंस?"

मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. ती पेटी उचलून गेली. उत्तर तिला माहीत होतं. मलाही होतं, आणि त्या दिवसापासून ती मला आधीपेक्षाही जास्त नकोशी झाली आहे.